केळी पिकवायच्या खोलीत

फोटो आले ते पाइपातून.
अडीच इंची पीव्हीसीचा तुकडा, दोन्ही तोंडांना बूच,
आत गुंडाळलेले चौदा कागद.
हेमराज फिरके कंपालाच्या पलीकडे ठिबकच्या नळ्या अंथरायला गेला
आणि दोन वर्षं एका बाईंकडे भाड्यानं राहिला.
बाई कॅमेरेवाल्या. नाव नामुबिरू.
फोनवर म्हणाला, "काका, सहा जणांचं काम आहे,
सगळे तिकडचेच, आत्ता काढताहेत ते. कुठंतरी लावा."

कुठं लावणार सावद्यात?
माझ्या स्टुडिओत मोकळी भिंत एकच,
तिच्यावर रंगवलेला धबधबा,
त्याच्यापुढे बसून अर्ध्या तालुक्याची लग्नं जमली.
शेवटी यशवंत वारकेनं पिकवणीची खोली दिली.
आठवडाभर माल नव्हता. पत्र्याच्या भिंती,
केळांचा वास तेवढा मागे राहिलेला.
यंत्र त्यानं सोळा अंशांवर चालूच ठेवलं.
"नासायला नको," म्हणाला.

सुतळी, चिमटे. प्रत्येक फोटोखाली पुठ्ठ्यावर
काढणाऱ्याचं नाव, जाड स्केचपेननं.
चौतीस वर्षं फोटो काढतोय मी,
माझं नाव पुढच्या बाजूला कधी आलं नाही,
पाठीवर जांभळा शिक्का, तोही अर्धा.
म्हणून तीनदा फोन करून उच्चार विचारले.
असितान. त्सेहाय. कोजो.
कोजोमधला ज, जावयातला की जिवातला?

पहिल्या दिवशी फैजपूरचा वार्ताहर.
"सिंह नाहीत?" त्यानं विचारलं. "उपाशी पोरं वगैरे?"
मी त्याला चष्म्याच्या दुकानातला म्हातारा दाखवला,
एक डोळा झाकून आरशातल्या स्वतःला तपासणारा.
कोळशाच्या इस्त्रीनं गणवेशाच्या चुण्या बसवणारी मुलगी दाखवली.
त्यानं वही उघडली नाही.

मग कापणीवाले आले, विळे दाराशी ठेवून.
नामुबिरूच्या सायकलीवरचे घड मोजले. सात.
"तिकडे हिरवीच उकडून खातात," मी माहिती पुरवली.
"ते असू द्या," मुकादम म्हणाला, "दांडा पाहा ना.
किती आखूड कापलाय. गडी नवा दिसतो."
मी ते जसंच्या तसं कळवलं.
नामुबिरू फोनवर हसत सुटली:
नवाच होता. तिचा धाकटा भाऊ.

इस्त्रीवाली मुलगी रावेरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विकत घेतली.
पैसे पाठवायला बँकेत गेलो तर अर्जावर रकाना: कारण.
उपचार, शिक्षण, पर्यटन. क्लार्कनं तिन्ही वाचून दाखवली
आणि माझ्याकडे बघत बसला.

तिसऱ्या दिवशी एक बाई.
जिनिंगमधून सुटून सरळ आलेली, भुवयांवर रुवाचे तंतू.
असितानच्या फोटोपाशी थांबली.
मालीतली कुठलीशी जिनिंग: झरोक्यातून तिरपं ऊन,
उन्हात कापूस उडतोय,
त्याच्यामागे माणसं आहेत, असावीत.
बाई बघत राहिली, आणि बघता बघता
पदर नाकावर ओढून घेतला.
मी बटण दाबलं.

तो फोटोही तिकडे गेला. असितानचा उलट निरोप,
हेमराजच्या मार्फत, त्याच्या मराठीत:
"खूप आवडला. या कोण?"

मी पुठ्ठा घेतला. स्केचपेनचं टोपण काढलं.
सहाच्या सहा नावं मला पाठ होती.

सोमवारी जिनिंगच्या फाटकाशी उभा राहिलो.
पाळी सुटली. साठ-सत्तर बायका, सगळ्यांची तोंडं बांधलेली.
तिनंच मला ओळखलं.
मोबाइल हातात घेऊन तिनं फोटो
दोन बोटांनी मोठा केला, परत लहान केला.
"सुपडाबाई लिहा. सुपडाबाई तायडे," म्हणाली.
"पन भाऊ, दुसरा काढा ना.
याच्यात माहा डोया मिटेल हाये."